पोच क्रमांक ११७

१० डिसेंबर, रविवार. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी राणीसावरगावच्या दगडाबाईंनी गंगाखेडमधल्या एका शाळेच्या व्हरांड्यातल्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक झंपर ठेवला. टेबलामागच्या माणसानं त्यांचं नाव आणि गाव विचारलं, वहीत लिहिलं, पोच फाडून शिक्का मारला. पोचेचा क्रमांक ११७ होता. दगडाबाईंनी ती चौपदरी घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि बाराच्या एसटीनं त्या गावी परतल्या.

टेबलामागचा माणूस म्हणजे मार्तंड सेलूकर. तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, आणि आता मानवी हक्क जनजागृती समितीचे सचिव. दरवर्षी दहा डिसेंबरला, मानवी हक्क दिनी, समिती एक व्याख्यान ठेवायची. व्याख्यानाला समितीचे सभासद यायचे आणि पाऊण तासानं चहा पिऊन जायचे. या वर्षी मार्तंडरावांनी वेगळा विचार मांडला. लोकांकडून वापरात नसलेले कपडे गोळा करायचे, प्रत्येक कपड्याला मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं एक कलम छापलेली चिठ्ठी टाचायची आणि ते गरजूंना वाटायचे. देणाऱ्याला माहितीपत्रक, घेणाऱ्याला चिठ्ठी. भाषण ऐकायला माणूस येत नाही, कपडा द्यायला आणि घ्यायला मात्र येतो, हा त्यांचा हिशेब होता. तो बरोबर निघाला. त्या एका दिवसात चारशे बारा कपडे आले.

आधीचे चार दिवस एक रिक्षा भोंगा लावून गावोगाव फिरली. मजकूर मार्तंडरावांनीच लिहिला होता. घरातले कपडे आणून द्या, आपले हक्क जाणून घ्या, कुणावर अन्याय झाला असेल, कुणी दाद देत नसेल, तर समितीला येऊन भेटा. राणीसावरगावात रिक्षा शुक्रवारी दुपारी आली. दगडाबाई तेव्हा ओट्यावर तूर निवडत होत्या. त्यांनी प्रत्येक वाक्य नीट ऐकलं. कपडे आणा आणि अन्याय सांगा, या दोन गोष्टी एकाच माणसानं एका दमात सांगितल्या, म्हणजे त्या एकच असणार, असं त्यांनी धरलं. त्यांच्याकडं तसा कपडा होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची लेक राजेश्री सकाळच्या पहिल्या गाडीनं एकटीच माहेरी आली होती. सासर नदीपलीकडं, दोन गाड्या बदलून जायचं. दोन वर्षांचं पोरगं सासरीच ठेवून घेतलं होतं. पदर तिनं दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटला होता. दगडाबाईंनी तो बाजूला केला तेव्हा झंपर पाठीवर उजव्या खांद्याखाली फाटलेला होता आणि खाली वीतभर कापड रक्तानं कडक झालेलं होतं. जांभळा झंपर. कापड ताडकळसच्या बाजारातलं, मावशीनं घेऊन दिलेलं. दगडाबाईंनी घरच्या मशिनीवर तो स्वतः शिवला होता. जांभळा दोरा संपला म्हणून आतली शिलाई हिरव्या दोऱ्यानं घातली होती.

"कशानं मारलं?" दगडाबाईंनी विचारलं.

"बैलाच्या येसणीनं. पोळ्याला नवी आणली हुती ना, जुनी रिकामीच पडली हुती," राजेश्री म्हणाली.

दगडाबाईंनी हळद लावली. आपला एक झंपर तिला घालायला दिला. राजेश्री म्हणाली, "आये, मला आता धाडू नको." दगडाबाई म्हणाल्या, "बाई, महालक्ष्म्या आठ दिसांवर आल्यात. सून घरात न्हाई म्हणल्यावर लोकं काय म्हणतील? पोरगंबी तिकडंच हाय. सण होऊ दे, मग तुझा बाप येऊन बोलंल." दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला गाडीत बसवून दिलं. सहाव्या दिवशी, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास राजेश्री सासरच्या विहिरीत सापडली.

पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली. पाणी काढताना पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी दगडाबाई तो झंपर घेऊन ठाण्यात गेल्या होत्या. तिथल्या जमादारानं तो हातातही घेतला नाही. "अंगावरचे कपडे आमच्याकडं जमा आहेत. हा तिच्या अंगावर होता का? नव्हता ना? मग घरी ठेवा," तो म्हणाला. त्यांनी तो न धुता पत्र्याच्या पेटीत ठेवला.

तेव्हापासून दहा डिसेंबरपर्यंत तो झंपर कुणीच घेतला नव्हता. घेऊन शिक्क्याची पोच देणारे मार्तंडराव पहिले.

टेबलासमोर रांग होती. मागं पंधरा-वीस माणसं, त्यांत राणीसावरगावची दोघं. त्यांच्यादेखत लेकीची पाठ कशी उघडी करायची, म्हणून दगडाबाई एवढंच म्हणाल्या, "माझ्या लेकीचा हाय. धुतलेला न्हाई. हुता तसाच आणलाय."

"असू द्या, मावशी," मार्तंडराव म्हणाले. "तुम्ही आणलात हेच खूप झालं. योग्य ठिकाणी पोचेल, काळजी करू नका."

हे वाक्य ते त्या दिवशी प्रत्येकाला म्हणत होते.

दगडाबाई घरी गेल्या आणि नवऱ्यासमोर पोच ठेवली. आश्रुबांना तेव्हापर्यंत काही करायचं नव्हतं. नातू सासरच्यांच्या ताब्यात होता. भांडण वाढलं तर ते तोंडही बघू देणार नाहीत, अशी त्यांना धास्ती होती. त्यांनी पोच उजेडात धरली, शिक्का बघितला.

"सरकारी हाय का ह्ये?"

"हक्कवाल्यांचं हाय. नंबर पडलाय. आता सबूत जमा झालंय, आता तरी अर्ज करा. का मीच जाऊ, डोक्यावर तुमचं पागुटं बांधून?"

आश्रुबांनी जानेवारीत परभणीला जाऊन पोलिसांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांकडं अर्ज दिला.

शाळेच्या मागच्या हौदावर धुण्याचं काम अकरा डिसेंबरला सकाळी सुरू झालं. ते सुमंगलाबाईंकडं होतं. सुमंगलाबाई म्हणजे मार्तंडरावांच्या पत्नी. त्यांनी मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं शिवण शिकवलं होतं. समितीच्या बैठकीत त्यांनी एकच अट घातली होती. कपडा जुना असला तरी चालेल, पण घेणाऱ्याची मान खाली जाता कामा नये. मळका, फाटका, बटण तुटलेला एकही कपडा बाहेर जाणार नाही. धुवून, दुरुस्त करून, इस्त्री करूनच जाईल. याबद्दल सभेत टाळ्या वाजल्या होत्या.

तीन बायका मदतीला होत्या. दोन दिवस धुणं चाललं, तीन दिवस टाके आणि इस्त्री. ज्या कपड्यांचे डाग निघत नव्हते ते सुमंगलाबाईंनी स्वतः घेतले. त्यांत एक जांभळा झंपर होता.

वाटप चोवीस डिसेंबरला झालं. सोनपेठ रस्त्यावर ऊसतोड टोळ्यांच्या पाचटाच्या कोप्या पडल्या होत्या, तिथं समितीचा टेम्पो गेला. टोळ्यांतल्या बायका तोडीवरून आल्या होत्या. उसाच्या वाढ्यांच्या पात्यांनी त्यांचे हात ओरबाडलेले होते. मार्तंडराव प्रत्येक कपड्यासोबत चिठ्ठीतलं कलम वाचून दाखवत होते. एका बाईनं चिठ्ठीची टाचणी बोटाला लागताच हात झटकला.

"सायेब, ही कलमं काडून द्या की. टोचायलीत."

"वाचून घ्या ताई, तुमचाच हक्क आहे."

"हक्क ऱ्हाऊ द्या, स्वेटर हाय का?"

सगळ्या हसल्या. मार्तंडरावही हसले. वाटपाचीही त्यांनी वही ठेवली होती. घेणाऱ्याचं नाव, टोळी, मुकादमाचा फोन नंबर, काय दिलं, अंगठा. त्या वहीच्या सातव्या पानावर नोंद आहे: तानुबाई, टोळी सटवाजी मुकादम, साडी एक, ब्लाऊज एक, जांभळा. त्या ब्लाऊजला कोणतं कलम टाचलं होतं, याची नोंद नाही.

१३ फेब्रुवारी, मंगळवार. परभणीत उपनिरीक्षक नागेश लटपटे यांनी दगडाबाई आणि आश्रुबांना बोलावलं. अर्जावरून फेरचौकशीचं काम त्यांच्याकडं आलं होतं. त्यांच्यापुढं शवविच्छेदनाचा अहवाल होता. मृत्यू बुडून, असं त्यात लिहिलेलं होतं. त्याच कागदावर खाली आणखी एक ओळ होती. पाठीवर उजव्या बाजूला भरत आलेली जखम, अंदाजे आठवड्याभराची. ती कशामुळं, हे कुणी विचारलं नव्हतं आणि कुणी लिहिलं नव्हतं.

"सासरचे म्हणतात, तिला कुणी कधी बोटही लावलं नाही," लटपटे म्हणाले. "तुम्ही म्हणता मारत होते. तुमच्याकडं काय आहे? दवाखान्याचा कागद, फोटो, फोनवर काही?"

"न्हाई," आश्रुबा म्हणाले.

"हाय," दगडाबाई म्हणाल्या. "आमी जमा केलाय." त्यांनी पोच टेबलावर उलगडली.

लटपट्यांनी ती वाचली. देणाऱ्याचं नाव, गाव. तपशील: जुने कपडे, ब्लाऊज, नग एक. खाली आभाराची एक ओळ आणि गोल शिक्का. त्यांनी ती उलटून बघितली. मागं काही नव्हतं.

"मावशी, हे काय आहे तुम्हाला माहीत आहे का?"

"लेकीचा झंपर. रगताचा. पोळ्याला आली तवाचा."

"तो कुठं दिलाय तुम्ही?"

"हक्कवाल्यांकडं. गंगाखेडला. तुमच्या लोकांनी घेतला न्हाई म्हणून."

लटपट्यांनी पोचेवरचा फोन नंबर लावला. बोलणं अर्धं मिनिट चाललं. फोन ठेवून ते आश्रुबांना म्हणाले, "उद्या सकाळी दहाला गंगाखेडला त्यांच्या घरी या. मी येतो." झंपराचं काय झालं, हे त्यांनी त्या वेळी सांगितलं नाही. जिन्यावरून उतरताना आश्रुबा बायकोला म्हणाले, "सायबाचं त्वांड बघितलंस का? काय तरी बिघडलंय." दगडाबाई म्हणाल्या, "तुमाला चांगलं कवा दिसलंय?"

१४ फेब्रुवारी, सकाळी दहा. सेलूकरांच्या घराच्या बैठकीत पाच माणसं होती. सुमंगलाबाईंनी चहा आणला. दगडाबाईंनी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. झंपर धुतला, दुरुस्त केला आणि वाटला, हे मार्तंडरावांनी दारातच त्यांना सांगितलं होतं. दोनदा माफी मागितली होती. 

लटपटे मांडीवर पॅड ठेवून सुमंगलाबाईंचा जबाब लिहीत होते.

"तो ब्लाऊज तुमच्या लक्षात आहे?"

"साहेब, चारशे बारा कपडे होते," मार्तंडराव मध्येच म्हणाले. "एकेक कसा लक्षात राहणार? उगीच काहीतरी बोलायचं आणि उद्या कोर्टात..."

"मला आठवतोय," सुमंगलाबाई म्हणाल्या. "आत हिरवी शिलाई होती. मला वाटलं, शिवणारीनं घाई केली."

"घाई न्हाई, दोरा सरला हुता," दगडाबाई म्हणाल्या.

"डाग कुठं होता?"

"पाठीवर. उजव्या खांद्याच्या खाली. वीतभर."

"फाटलेला?"

"हो. शिवणीवर उसवलेला नव्हता, कापडच फाटलं होतं. मी रफू केला. सहा टाक्यांत, दिसणार नाही असा."

लटपट्यांनी ते लिहिलं. मग त्यांनी विचारलं, "धुतला कसा? गरम पाण्यात का थंड?"

"थंड."

"बाकीचे?"

"बाकीचे गरम. सोडा घालून, मोठ्या पातेल्यात."

"मग हा एकच थंड पाण्यात का?"

 मार्तंडराव म्हणाले, "असेल काहीतरी. पाणी संपलं असेल गरम."

"संपलं नव्हतं," सुमंगलाबाई म्हणाल्या. त्यांनी त्या सकाळी पहिल्यांदाच दगडाबाईंकडं बघितलं. "रक्ताला गरम पाणी लागलं की डाग धरतो. आधी थंड पाण्यात मीठ घालून ठेवावं लागतं."

"म्हणजे रक्त आहे हे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"कुणाला बोललात?"

"नाही."

"का?"

"बायकांच्या कपड्यांना डाग असतात. शिवणाच्या वर्गात मुली यायच्या, तेव्हाही... आपण विचारत नाही. विचारलं की समोरचीला लाज वाटते."

"पाठीवर, बाई?"

 लटपट्यांनी वाट बघितली आणि मग 'यावर काही सांगितले नाही' असं लिहिलं. मार्तंडराव उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

दगडाबाईंनी विचारलं, "लय घासावा लागला का, बाई?"

"दोनदा."

"निघाला?"

"निघाला."

दगडाबाईंनी मान हलवली. चांगल्या धुण्याबद्दल सांगितल्यावर बाया हलवतात तशीच.

लटपट्यांनी जबाब वाचून दाखवला. त्यात रफूचे सात टाके असं आलं होतं. सुमंगलाबाईंनी ते दुरुस्त करायला सांगितलं. सहा टाके होते. मार्तंडराव म्हणाले, "सुमंगला, सही करायच्या आधी विचार कर. वर्तमानपत्रात आलं तर काय छापतील? हक्कवाल्यांनी पुरावा धुतला, असं छापतील."

"धुतलाच आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

लटपट्यांनी मग परिस्थिती सांगितली. हा जबाब आणि आईचा जबाब मिळून काहीतरी उभं राहतं, पण ते फार नाही. समोरचा वकील म्हणेल, दोन बायका एका कपड्याबद्दल बोलताहेत आणि कपडा कुठाय? तो हातात आला तर रफूखालचा फाटलेला भाग दाखवता येईल. शिवणीत, काखेच्या दुमडीत काही अंश राहिला असेल, तर प्रयोगशाळा सांगेल. पंधरा मार्चपर्यंत अहवाल द्यायचा आहे. तोवर काही मिळालं नाही तर आकस्मिक मृत्यूची नोंद आहे तशीच कायम राहील.

"धुतल्यावरबी ऱ्हातंय का रगत?" आश्रुबांनी विचारलं.

"कधी राहतं. पण दर धुण्याला कमी होत जाणार. मी काही प्रयोगशाळेतला माणूस नाही."

मार्तंडरावांनी वाटपाची वही आणली आणि सातवं पान काढलं. बोट ठेवून नंबर वाचला. सटवाजी मुकादमाची टोळी जानेवारीच्या शेवटी सोनपेठ रस्त्यावरून उठली होती. इथला ऊस आटोपल्यावर ती कर्नाटकातल्या एका कारखान्याकडं गेली होती. फोन दोन दिवस लागला नाही.

तो १६ तारखेला दुपारी लागला. लटपट्यांनी परभणीहून मार्तंडरावांना सांगितलं होतं, आधी तुम्ही बोला, पोलिसाचा आवाज ऐकला की मुकादम फोन बंद करेल. दगडाबाई आणि आश्रुबा सकाळपासून येऊन बसले होते. मार्तंडरावांनी फोनचा स्पीकर लावला.

"कोन?" पलीकडून सटवाजी ओरडला. ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

मार्तंडरावांनी ओळख सांगितली, कपड्यांचं सांगितलं.

"आता काय, वापस मागायलेत का?" सटवाजी हसायला लागला. "ए तानुबाई! हिकडं ये गं. तुझा झंपर वापस मागायलेत हक्कवाले! साडीबी द्यायची का, का झंपरावर भागतंय?"

मागं बायकांचं हसणं ऐकू आलं. मग एका बाईचा आवाज जवळ आला. "दिलं ते दिलं की ओ सायेब. मी काय मागायला आल्ते का तुमच्या दारात?"

दगडाबाईंनी हात पुढं केला. मार्तंडरावांनी फोन त्यांना दिला. फोन कसा धरायचा हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला.

"बाई, मी त्या झंपरावालीची आई बोलायले."

"कोनाची?"

"राजेश्रीची. ज्या पोरीचा झंपर हाय, तिची आई. ती वारली. तिला मारत हुते. त्या झंपरावर तिचं रगत हुतं. आता पोलीस मागायलेत."



"माज्या आंगावरच हाय," तानुबाई म्हणाली.

"बसतोय का?"

"काखंत तंग हुतोय जरा."

"ती बारीक हुती." दगडाबाई म्हणाल्या. "बाई, एवढं करा. धुऊ नका. पोलीस येऊस्तोवर गुंडाळून ठिवा."

"मावशी, उसात हाव आमी. सकाळपून मोळ्या डोक्यावर. संध्याकाळी आंगाला कापड चिकटतंय. दोनच झंपर हायेत. येक धुयाचा, येक घालायचा."

"काल धुतला?"

"धुतला."

"परवा?"

"आवं, रोजच धुवायलेव. खोटं कशाला सांगू?"

दगडाबाई म्हणाल्या, "मी तुमाला नवे दोन शिवून धाडते. ते आले की ह्यो काडून ठिवा. मग तर धुयाचं काम न्हाई ना?"

"माप?"

"राजेश्रीच्या मापापरीस दोन बोटं जास्त धरते."

"तीन धरा," तानुबाई म्हणाली. मग म्हणाली, "कशानं मारत हुते वो?"

दगडाबाईंनी सांगितलं. पलीकडून सटवाजीनं फोन घेतला आणि कारखान्याच्या त्या भागातल्या गट कार्यालयाचा पत्ता सांगितला. टोळी तिथं किती दिवस राहील, असं मार्तंडरावांनी विचारलं. "ऊस हाय तवर. मालकानं हालवलं की हाललो," तो म्हणाला.

एवढ्यानं लटपट्यांचं भागणार नव्हतं. कपडा टपालानं आला तर कोर्टात टिकणार नाही, त्यांना तो पंचांसमोर जप्त करावा लागेल, असं त्यांनी मार्तंडरावांना फोनवर सांगितलं. दुसऱ्या राज्यात माणूस पाठवायचा तर वरून परवानगी लागते. त्यासाठी त्यांनी त्याच दिवशी पत्र दिलं. तिनं तोवर धुतला नाही म्हणजे मिळवलं, असं ते म्हणाले.

झंपर शिवायला दगडाबाईंना तीन दिवस लागले. कापड सुमंगलाबाईंनी दिलं. मीच शिवते, असंही त्या म्हणाल्या होत्या. दगडाबाईंनी "नको" म्हटलं, पण कापड परत केलं नाही. दोन झंपर झाले, एक हिरवा, एक तपकिरी. या वेळी दोरा कापडाच्या रंगाचाच वापरला होता. २० फेब्रुवारीला मार्तंडरावांनी ते गंगाखेडच्या टपाल कार्यालयात पार्सल केले. पावती दगडाबाईंकडं दिली. ती त्यांनी ११७ क्रमांकाच्या पोचेच्या घडीत ठेवली.

त्यानंतर मार्तंडराव रोज सकाळी फोनवर पार्सलचा माग बघायचे आणि राणीसावरगावला आश्रुबांना कळवायचे. २३ तारखेला पार्सल नांदेडहून निघालं. २६ तारखेला ते कर्नाटकातल्या तालुक्याच्या टपाल कार्यालयात पोचलं. २८ तारखेला नोंद आली की गट कार्यालय बंद होतं, पुन्हा प्रयत्न केला जाईल.

सुमंगलाबाईंनी या काळात समितीचा राजीनामा दिला. मार्तंडरावांनी तो बैठकीत मांडला नाही. पुढच्या वर्षी कपड्यांची मोहीम करायची की नाही, यावर मात्र चर्चा झाली. एका सभासदानं सुचवलं की प्रत्येक कपडा घेताना देणाऱ्याला विचारावं, हा कुणाचा आणि का देताय. दुसरा म्हणाला, असं विचारलं तर कुणी कपडा देणार नाही. निर्णय पुढं ढकलला.

सटवाजी मुकादमाचा फोन २५ फेब्रुवारीपासून बंद आहे. दगडाबाई तो दिवसातून तीनदा लावतात, सकाळी, दुपारी आणि मुद्दाम दिवेलागणीला, कारण टोळीतल्या बाया तेव्हा कपडे धुतात. आश्रुबा म्हणतात, "अगं, बंद हाय तर बंद हाय. का कान दुखवून घ्यायलीस?" त्या म्हणतात, "चालू झाला आन् मी लावलाच न्हाई, असं हुयाला नको."

४ मार्च, सोमवारी सकाळी नऊ वाजता मार्तंडरावांनी माग बघितला तेव्हा पार्सल त्याच टपाल कार्यालयात होतं. माणूस पाठवण्याच्या परवानगीचं पत्र लटपट्यांच्या हाती आलेलं नव्हतं. टोळी त्या गटात आहे की पुढं हलली, हे कळलेलं नाही. पंधरा मार्चला अकरा दिवस आहेत.